उतरती रेघ

…कड बोथट होती. अंगठा तिच्यावरून फिरला, थांबला, मागे आला, पुन्हा फिरला. पन्नास मिलिमीटर लांबीची, पेन्सिलीहून जराशी बारीक, राखाडी कांडी. एक टोक लेथवरून उतरलं तसं धारदार, बोटाला चावणारं, आणि दुसऱ्या टोकाची कड कुणीतरी पॉलिश पेपरवर अलगद फिरवून मारलेली — इतकी अलगद की डोळ्याला दिसू नये, अंगठ्याला मात्र कळावी.

गुणमाला मगदूमला हसू आलं. ही सवय तिची. मशीनच्या नळीत घातल्यावर कांडीची दोन्ही टोकं सारखीच दिसतात, कुठलं टोक आतल्या बाजूला होतं ते चाचणीनंतर सांगता येत नाही. म्हणून एक कड मारून ठेवायची. हे कुठल्या पुस्तकात नाही, कुणी तिला सांगितलेलं नाही; माधवनगरात बंद गिरणीच्या मागच्या या शेडमध्ये धातू तपासत चोवीस वर्षं काढताना तिचं तिलाच सुचलेलं. आणि हल्ली साताऱ्याहून, सन्मतीच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कांडीला ती कड आधीच मारलेली असते. म्हणजे धाकटा भाऊ आता नमुना स्वतःच्या हाताने तयार करतो, आणि तोही अक्का करते तसा. बारा वर्षांपूर्वी, तो नोकरीला लागायच्या आधी, तिने त्याला पंधरा दिवस शेजारी बसवून हे मशीन शिकवलं होतं. निम्मा वेळ तो मोबाइलमध्येच असायचा. तेव्हा वाटलं होतं, पालथ्या घड्यावर पाणी. नव्हतं तर… घडा पालथा नव्हता.

तासाभरापूर्वी तो गेटपाशी येऊन गेला होता. गाडीतून उतरलाही नाही, काच खाली करून कंदी पेढ्यांचं खोकं पुढे केलं. साताऱ्याचा नमुना नेहमी असाच यायचा, वर पेढे, खाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली कापसात गुंडाळलेली कांडी.

"अक्का, धर. वरचं तुझं, खालचं मशीनचं."

"आत तरी ये की. चहा सांगते."

"नको गं, बस्तीत दर्शनाला पोचायचंय. तिथनं सासुरवाडी. पाचला येतो रिपोर्ट न्यायला, मग निवांत क्षमावणी करू तुझ्यासंगं."

"आज क्षमावणी आणि आजच रिपोर्ट व्हय रे? उद्या चालत न्हाई?"

"उद्या ट्रकवाल्या कंपनीचं पथक येतंय साताऱ्याला. तुझ्या सहीचा कागद दाखवला की सगळी गप्प बसतात बघ." आणि काच वर करता करता, "दिवाळीला प्लँट माझ्याकडं येतोय अक्का. तुझ्यामुळं."

तुझ्यामुळं… हा शब्द घेऊन ती आत आली होती, आणि अजून तो कुठेतरी पदराच्या टोकाला बांधल्यासारखा होता. तिने कांडी स्पिरिटने पुसली, मायक्रोमीटरमध्ये धरली. पन्नास पूर्णांक शून्य चार. साताऱ्याच्या कांड्या वर्षभर एवढ्याच यायच्या, पन्नासला चार शतांश जास्त. मागे कधीतरी तो म्हणाला होता, नवा लेथवाला आलाय अक्का, जरा मोठंच कापतो. तिने वहीत लांबी लिहिली आणि कांडी क्वार्ट्झच्या नळीत सरकवली.

मशीन म्हणजे पाहायला काही नाही. आडवी भट्टी, भट्टीत क्वार्ट्झची नळी, नळीत कांडी, कांडीला टेकलेला क्वार्ट्झचाच एक लांब दांडा. दांड्याच्या बाहेरच्या टोकाला पूर्वी नुसती डायल होती, आता शेजारी एक सेन्सर आणि त्याच्या वायरीने जोडलेला संगणक. भट्टी तापते, कांडी वाढते, दांड्याला ढकलते, पडद्यावर रेघ चढते. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला डायलॅटोमीटर म्हटलंय. दारावरच्या पाटीवर 'प्रसरणमापक' असं रंगवलंय, ते कुणी उच्चारत नाही. मालक नानासो 'डायला' म्हणतात. झाडलोट करणारी अंबूबाई 'धग खानारी बया' म्हणते.

पहिल्या आठवड्यात नानासोंनी तिला एकच गोष्ट नीट समजावली होती. क्वार्ट्झच का? कारण ते तापून वाढत नाही… "वाढत न्हाई म्हणजे, वाढतं हो बाई, पण इतकं कमी की विचारू नका. ज्यानं मोजायचं त्यानं हलून कसं चालंल? पण हलतं ते हलतंच. किती हलतं ते आपल्याला ठावं पाहिजे. तेवढं हिशेबात धरायचं, म्हणजे झालं."

दहा वाजता तिने भट्टी सुरू केली.

फोन सकाळपासून थरथरत होता. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस काल संपले, आज क्षमावणी. जावा, नणंदा, समडोळीच्या चुलत बहिणी, कुपवाडच्या महिला मंडळाचा गट — हात जोडलेली चित्रं, कमळं, सोनेरी अक्षरं, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. वर्षभरात जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर. काहींची चित्रं गेल्या वर्षीचीच होती, कोपऱ्यात गेल्या वर्षीची तारीखसुद्धा तशीच. ती प्रत्येकाला उत्तर पाठवत होती, एका डोळ्याने पडद्यावरची रेघ पाहत. शंभर अंश. रेघ सरळ चढत होती, सुबक, शाळकरी पोरीने पट्टी धरून ओढावी तशी.

"आज तुमच्यात माफी मागायचा सण न्हवं ताई?" अंबूबाई खराटा भिंतीला टेकवून उभी राहिली. "मग मागा की. लय वाट बगाय लागल्यो मी."

"उत्तम क्षमा, अंबूबाई. वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर…"

"दिली! जावा." अंबूबाईने हात झटकला, मग जरा आवाज उतरवून, "आता माजी बी घ्या. कालच्याला कप फुटला माज्याकडनं. त्यो निळ्या काठाचा. तुमचाच हुता."

"मग काल का नाही सांगितलं?"

"काल काय सन हुता व्हय?" ती स्वतःच हसली. "न्हाई ताई, खरं सांगू? पोत्याखाली दडवून ठिवल्यालं तुकडं. मग रातभर त्येच डोळ्याम्होरं. माफी मागायची तर कशाची त्ये सांगाय नगं व्हय? न्हाईतर द्येनाऱ्याला कसं कळायचं काय दिलं ते?"

गुणमाला हसली. कपाचं काही वाटलं नाही. उलट अंबूबाई गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून आलेल्या साठ-सत्तर क्षमांपैकी ही एकच अशी होती की जिला तुकडे होते.

अकराला पाच कमी असताना रेघ तीनशे अंशांवर पोचली. भट्टी आपोआप बंद झाली. प्रसरणाचा आकडा पडला — एकोणीस पूर्णांक दोन. मर्यादा साडेएकोणीस. साताऱ्याच्या फाउंड्रीत ट्रकच्या हवेच्या ब्रेकसाठी लागणाऱ्या कॉम्प्रेसरचे पिस्टन ओततात. पिस्टन तापल्यावर ठरल्यापेक्षा जास्त फुगला तर सिलिंडरमध्ये अडकतो, पिस्टन अडकला की हवा भरत नाही, आणि हवा नसली की… खंबाटकीच्या उताराला ब्रेक लागला नाही अशी बातमी मधूनमधून येते. त्यात पिस्टनचं नाव कधीच नसतं. पण ओताईच्या प्रत्येक तिमाहीचा एक नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासलाच पाहिजे असा ट्रकवाल्यांचा दंडक आहे, आणि त्या कागदाच्या तळाशी 'चाचणी करणार' या शब्दांपुढे सौ. गु. अ. मगदूम अशी सही असते.

अहवालात फक्त चढती रेघ लागते. तीनशेवर पोचलं की काम संपलं. दुसरीकडे कुठेही या क्षणी नोंद बंद करतात, झाकण उघडून पंखा लावतात आणि पुढचा नमुना घेतात. तिने नोंद चालूच ठेवली. उतरायला पाच तास लागतात. त्या उतरत्या रेघेचे पैसे कुणी देत नाही, तिच्याविषयी कुणी विचारत नाही. नानासोसुद्धा सुरुवातीला म्हणायचे, बाई, वीज नाही पण वेळ जातोय. आता म्हणत नाहीत.

ते हरिबा लोहारामुळं. माहेरी समडोळीला, वडिलांच्या, बापूंच्या बैलगाडीची धाव सैल झाली की चाक हरिबाकडे जायचं. तो लोखंडी धाव चाकाहून जरा लहानच करायचा, शेणकुटाच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायचा, दोघेजण सांडशीने उचलून ती लाकडी चाकावर बसवायचे, आणि मग पाणी… वाफेचा लोट, चर्र असा आवाज, लाकडाच्या जळक्या वासात सगळा घोळका मागे सरकायचा. बापूंना घाई असायची. पाणी मारलं की ते चाक न्यायला वाकायचे आणि हरिबा त्यांच्या हातावर चापट मारल्यासारखं करायचा — "पाटील, दमा. तापल्यालं कुनीबी बगतंय. निवल्यावर काय ऱ्हातंय ते बगायचं." ती सात-आठ वर्षांची असेल. सन्मतीचा तेव्हा जन्मही नव्हता. हे वाक्य तिने त्याला सांगितलं होतं, याच खुर्चीवर बसवून. आणि त्याच्या जोडीने दुसरी गोष्टही सांगितली होती: ओतीव ॲल्युमिनियम पहिल्यांदा तापलं की जेवढं वाढतं तेवढं सगळं मागे येत नाही. पहिली धग लागली की अंगात काहीतरी बदलतं, केसाच्या निम्म्याएवढं, पन्नासच्या कांडीत चार शतांश, आणि ते कायमचं राहून जातं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा तापव. आता जेवढं वाढेल तेवढंच उतरेल, मुकाट शून्यावर येईल. म्हणून कोरी कांडी कुठली आणि धग खाल्लेली कुठली, हे चढत्या रेघेवरून कधीच कळत नाही. उतरतीच्या शेवटी, डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात कळतं. तिथे दोन रेघांमध्ये फट पडते. कोऱ्या कांडीची रेघ घरी परत येत नाही.

तो तेव्हा मोबाइलमध्ये होता की ऐकत होता? कड मारायची शिकला, म्हणजे ऐकत होता.

दुपारी डबा खाताना तिने एक पेढा तोंडात टाकला. दहा दिवसांनी गोड. दुसऱ्या एका फाउंड्रीच्या वाळूच्या चाचण्या उरकल्या, अहवाल टंकून ठेवला, नाव, तारीख, आकडा, मर्यादा, योग्य. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर सन्मतीचं वळणदार अक्षर होतं: 'ओतीव. उष्णोपचार: नाही.' ते तिने जसंच्या तसं उतरवलं. सही तेवढी बाकी ठेवली, ती नेहमीच शेवटी.

सव्वाचारला पडदा पाहिला तेव्हा रेघ कोपऱ्याशी आली होती.

फट नव्हती.

छत्तीस अंश, चौतीस, तेहतीस… ती खुर्ची पुढे ओढून बसली, चष्मा पुसला. रेघ उतरत उतरत सकाळच्या बिंदूवर आली आणि तिथेच, बोट ठेवावं तशी, थांबली. डायलचा काटाही शून्यावर. मागे-पुढे काही नाही.

असं होतं कधीकधी. साच्यातून काढल्यावर फाउंड्रीतच काही तास तापवून ठेवतात, मग पहिली धग तिथेच लागते, इथे शून्य येतं. पण फॉर्मवर तर 'उष्णोपचार: नाही'… तिने फोन लावला. त्याने उचलला तेव्हा मागे पंगतीचा गलका होता.

"सन्मती, ही कांडी तापवलेली होती का रे आधी?"

"न्हाई गं. ओतली तशी लेथवर घेतली. का?"

"सहज."

"काय प्रॉब्लेम?"

"न्हाई. आकडा बरोबर आहे."

"मग झालं की! निघतोच मी."

मग झालं की. फोन टेबलावर उलटा ठेवून तिने कांडी नळीतून काढली. अजून कोमट होती. मायक्रोमीटर: पन्नास पूर्णांक शून्य चार. सकाळी चार, आता चार. तिने वही ओढली, आणि लिहायच्या आधी मागची पानं उलटली — का, ते तिला सांगता आलं नसतं. अंगठा आपोआप त्या कडेवर गेला होता आणि तिथे सकाळचं हसू अजून थोडं शिल्लक होतं, आणि ते आता वेगळ्याच रीतीने बोटाला लागत होतं.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर. साताऱ्याची कांडी. आधी पन्नास पूर्णांक शून्य शून्य, नंतर पन्नास पूर्णांक शून्य चार. 'नंतर' हा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही, तो तिने स्वतः पट्टीने आखलेला. डिसेंबर: आधी चार, नंतर चार. मार्च: चार, चार. जून: चार, चार. आज.

पाच तिमाह्या. एक कांडी.

गेल्या सप्टेंबरात तिनेच तिची कड मारली होती, तिनेच तपासली होती, आणि अहवालाबरोबर कापसात गुंडाळून, पुठ्ठ्याखाली ठेवून, पेढ्याच्या त्याच खोक्यातून त्याच्या हातात परत दिली होती. खोकं रिकामं कसं द्यायचं म्हणून वर चार चकल्या घातल्या होत्या. आणि कड… कड त्याने शिकून मारलेली नव्हती. ती तिचीच होती. सकाळी तिला हसू आलं होतं ते स्वतःच्याच अंगठ्याच्या खुणेवर.

मग खऱ्या पिस्टनची कांडी गेलं वर्षभर इथे आलीच नाही. म्हणजे ते कसे आहेत ते कुणालाच माहीत नाही. वाईट असतीलच असं नाही, चांगलेही असतील… पण चांगले असते तर चांगलीच कांडी पाठवली असती की. तिच्या डोळ्यांसमोर घाटाचा उतार आला नाही, ट्रक आला नाही. आला तो फक्त तळाशी सही असलेला कागद, चार कागद, साताऱ्याच्या कुठल्यातरी फाइलमध्ये एकावर एक, कोपरे जुळवून ठेवलेले.

रागाआधी दुसरंच काहीतरी आलं, एक हिशेबी, थंड प्रश्न. ती शून्याची गोष्ट तो विसरला का? विसरला असेल तर पंधरा दिवस मी भिंतीशी बोलत होते, आणि त्याला वाटलं असेल, आकडा आला की झालं, मशीनला काय कळतंय. ते सोसता येईल. भाऊ मूर्ख निघाला तर सोसता येतं. पण आठवत असेल तर? त्याला माहीत आहे की अक्का उतरती रेघ पाहते. सगळ्या जिल्ह्यात एक तीच पाहते. तरी त्याने तीच कांडी धाडली, म्हणजे रेघ शून्यावर येताना अक्का बघणार आणि गप्प बसणार, हे धरूनच. म्हणजे त्याने कांडीचं नाही, माझं माप काढलं. किती तापवलं तर किती वाढते, आणि शेवटी येते की नाही जागेवर…

वही मिटताना डिसेंबरची नोंद खिडकीच्या तिरक्या उजेडात आली आणि तिला समासात काहीतरी दिसलं. शाई नव्हे. कागदावर उमटलेला नुसता दाब, आणि त्याच्याभोवती खोडरबराने जरा विटलेला पांढरेपणा. तिने वही तिरपी केली. प्रश्नचिन्ह होतं. पेन्सिलीने काढलेलं, मग खोडलेलं.

कुणी खोडलं? या वहीला माझ्याशिवाय हात लावतं कोण… मीच काढलं असणार. मीच खोडलं असणार. पण काढल्याचं आठवत नाही आणि खोडल्याचंही नाही. आठवतं ते एवढंच की डिसेंबरात तो आला होता, थंडी होती, त्याच्या गळ्यात मी विणलेला मफलर होता, आणि मी विचारलं, कांडी मोठी कशी रे, तर तो म्हणाला, नवा लेथवाला. मी म्हणाले, अस्सं. बस्स, तेवढंच. आणि उतरती रेघ? ती शून्यावर आली होती, ते मी पाहिलं होतं. न पाहता प्रश्नचिन्ह कशाला काढेन? पाहिलं, मनाला सांगितलं, आता तापवून पाठवत असतील, आणि विचारलं नाही. मार्चमध्ये चिन्हसुद्धा काढलं नाही. जूनमध्ये मला काही वाटलंही नाही.

"झालं का साताऱ्याचं?" नानासो दारातून डोकावले, हातात गाडीची चावी. "पाव्हणं येतील न्यायला. मी निघतो. सही तेवढी मारून ठेवा."

"नानासो, तुम्ही बघता का एकदा?"

"तुमची सही असल्यावर मी काय बघू?" ते हसले. "तसलं असतं तर चोवीस वर्षं झोप आली असती व्हय मला?" आणि गेले. त्यांच्या स्कूटरचा आवाज गिरणीच्या भिंतीला वळसा घालून विरला.

पाचला दहा कमी असताना सन्मती आला. पांढरा झब्बा, कपाळावर गंध, तोंडात विडा. बाहेर अंबूबाई पायरी झाडत होती, तिला त्याने "काय मावशी!" म्हणून हाक घातली. गुणमालाने काही ठरवलं नव्हतं. तिने फक्त टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते, सही नसलेला अहवाल आणि दोन्ही रेघांचा आलेख.

चोवीस वर्षांत त्या टेबलाशी आलेला प्रत्येक माणूस आधी आकडा शोधतो. चौकटीतला आकडा, ठळक छापलेला. मालक असो, इंजिनियर असो, खरेदी विभागाचा असो, नजर आधी तिकडे जाते. सन्मती वाकला आणि त्याची नजर आलेखाच्या डाव्या, खालच्या कोपऱ्यात गेली. क्षणभरच. मग आकड्याकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे.

"एकोणीस पॉइंट दोन! एक नंबर अक्का."

"कड चांगली मारलीस," ती म्हणाली.

"कसली कड?"

त्याच्या चेहऱ्यावर खरोखर काही नव्हतं. कड त्याला माहीतच नव्हती. बारा वर्षांपूर्वी रोज त्याच्या डोळ्यांदेखत ती पॉलिश पेपरवर कांडी फिरवायची, ते त्याने पाहिलं नव्हतं. कोपरा तेवढा पाहिला होता. जे लागेल तेवढं त्याने ऐकलं होतं आणि जपून ठेवलं होतं. घडा पालथा नव्हता…

"काही नाही," ती म्हणाली.

तो बसला नाही. त्याने विडा गालात सारला, चपला काढल्या, दोन्ही हात जोडले, आणि त्याच्या आवाजात बस्तीतला जो एक सूर असतो तो आला. "अक्का, वर्षभरात माझ्याकडून मनानं, वाचेनं, कायेनं, जाणतेपणी…" इथे तो किंचित अडखळला, किंवा विडा आडवा आला असेल, "…अजाणतेपणी काही चुकलं असंल, तर उत्तम क्षमा."

याला उत्तर एकच असतं. ते देताना विचार करायचा नसतो. जोडलेल्या हातांसमोर हात आपोआप जुळतात आणि तेच दोन शब्द परत जातात, आज सकाळपासून सत्तर वेळा गेले तसे. तिचे हात टेबलावर होते.

"कशाची?"

"आं?"

"कशाची क्षमा, सन्मती?"

तो हसला. "असं कोण इचारतं व्हय अक्का? सगळ्याचीच की."

"मी तर बाबा सांगितलंवतं," पायरीवरून अंबूबाईचा आवाज आला, "कप फोडला म्हनून."

सन्मती तिकडे वळून मोठ्याने हसला, जरा जास्तच वेळ. वळला तेव्हा त्याचे हात अजून जोडलेले होते, पण सैल, ओंजळीसारखे. "अक्का, ऊन उतरलं बघ. दिवस बुडायच्या आत घरी पोचून जेवायचं हाय तुला. भाऊजी वाट बघत असतील. सही कर, मीच सोडतो जाता जाता."

त्याला तिच्या जेवणाची काळजी होती. ती खोटी नव्हती, हे तिला ठाऊक होतं, आणि त्यानेच सगळं अवघड झालं होतं. त्याने तिला बरोबर मोजलं होतं. डिसेंबरात पहिली धग लागली, तेव्हा आत काहीतरी हललं आणि तसंच राहिलं, समासातल्या खोडलेल्या खुणेइतकं; त्यानंतर मार्चमध्ये, जूनमध्ये ती तापली असेल तेवढीच निवली, मुकाट जागेवर आली. आता पाचव्यांदा कांडी धाडताना त्याला शंका का यावी?

आणि खरंच, ते येऊ लागलं. तिला ओळखीचं होतं ते उतरणं. दिवाळीला त्याला प्लँट मिळतोय. पिस्टन चांगलेही असतील. पुढच्या तिमाहीपासून खरी कांडी आण म्हणून सांगता येईल, आज नको, आज सणाचा दिवस. त्याच्या पाठीशी दुसरं आहे कोण… एकेका कारणाबरोबर छातीतला ताण थोडा थोडा खाली येत होता, नव्वद, साठ, चाळीस. तिने हजारो रेघा उतरताना पाहिल्या होत्या. ही ती पहिल्यांदाच आतून पाहत होती, हरिबाच्या आगीपासून चार पावलं मागे सरकून, वाफ विरायची वाट पाहत.

"अक्का?"

पेनाचं टोपण तिच्या डाव्या हातात होतं. ते केव्हा काढलं ते तिला आठवत नव्हतं. खिडकीतलं ऊन आलेखाच्या त्या कोपऱ्यावर आलं होतं, जिथे दोन रेघा एकमेकींना बिलगून एकच झाल्या होत्या. तिच्या आत मात्र शून्याच्या जरासं वर, केसाच्या निम्म्याएवढं, काहीतरी अडकलं होतं. ती थांबली. अजून थोडं थांबली.

रेघ खाली येत नव्हती.